डिसेंबरची शर्यत, जानेवारीची मॅरेथॉन

जानेवारीचा तिसरा रविवार मुंबईत मॅरेथॉनचा असतो. २००४ मध्ये ही शर्यत सुरू झाली आणि दोन दशकांत तिने शहराची पहाट बदलून टाकली. आज ट्रॉम्बेसारख्या टोकाच्या उपनगरातही उजाडण्याआधी माणसे बूट घालून घराबाहेर पडतात. टँकर आणि ट्रकांची वर्दळ वाढण्यापूर्वी सायन-ट्रॉम्बे रस्ता गाठायचा, अणुशक्तीनगरवरून मानखुर्दकडे जायचे आणि रविवारी मोठा पल्ला असेल तर वाशीचा खाडीपूल ओलांडून नवी मुंबईच्या पाम बीच रस्त्याला लागायचे, हा इथल्या धावणाऱ्यांचा ठरलेला क्रम. नोकरी, घर, मुलांच्या शाळा सांभाळून ही मंडळी ४२.१९५ किलोमीटरची तयारी करतात, आणि त्या तयारीत एक प्रश्न दरवर्षी हमखास येतो: मॅरेथॉनच्या आधी आणखी कोणत्या शर्यती धावाव्यात?

निवडीला तोटा नाही. पावसाळ्यात ठाण्याची वर्षा मॅरेथॉन, त्याच सुमारास साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन, हिवाळ्याच्या तोंडावर मुंबईतली नौदलाची शर्यत, डिसेंबरात वसई-विरार आणि पुणे. शिवाय दर रविवारी कुठे ना कुठे पाच-दहा किलोमीटरची एखादी असतेच. ग्रुपमधले सगळे नाव नोंदवतात, मग आपणही नोंदवतो. असे चार-पाच रविवार गेले की लांब पल्ल्याच्या सरावाला जागाच उरत नाही. याउलट काही जण एकही शर्यत न धावता थेट सीएसएमटीच्या प्रारंभरेषेवर उभे राहतात आणि हजारोंच्या लोंढ्यात पहिले पाच किलोमीटर नको तितक्या वेगाने धावून बसतात. या दोन टोकांच्या मधली वाट म्हणजे मोजक्या, विचारपूर्वक निवडलेल्या तयारीच्या शर्यती. धावपटू त्यांना ‘ट्यून-अप रेस’ म्हणतात. त्या कधी, किती आणि कशा धावायच्या याचे एक शास्त्र आहे आणि ते समजायला अजिबात अवघड नाही.

एकट्याच्या सरावात जे मिळत नाही

सराव आपल्या मर्जीने होतो. निघण्याची वेळ आपली, रस्ता आपला, दम लागला की वेग कमी करण्याची मुभाही आपली. शर्यतीत यातले काहीच हातात नसते. अडीच-तीन वाजता उठून काय खायचे, पोट केव्हा साफ होते, रांगेत उभे राहून गार झालेले पाय पहिल्या किलोमीटरला कसे वागतात, पाण्याच्या टेबलाशी धक्काबुक्की न करता ग्लास कसा उचलायचा, नव्या मोज्यांनी फोड येतो का, हे सगळे शर्यतीतच कळते.

पोटाचा सराव तर फार मोलाचा. शरीरात स्नायू आणि यकृत मिळून साधारण चारशे ते पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन साठते, म्हणजे दोन हजार किलोकॅलरीच्या आतबाहेर ऊर्जा. धावताना दर किलोमीटरला, दर किलो वजनामागे सुमारे एक किलोकॅलरी खर्च होते. ६५ किलोच्या माणसाला पूर्ण मॅरेथॉनसाठी २,७०० किलोकॅलरी लागतात. काही वाटा चरबीतून येतो, पण वेग जितका जास्त तितका ग्लायकोजेनचा वापर जास्त. तिसाव्या किलोमीटरच्या आसपास अनेकांचे पाय एकाएकी जड होतात त्याचे एक मोठे कारण हेच. म्हणून धावता धावता तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके घ्यावी लागतात. शर्यतीच्या वेगात, छाती धपापत असताना जेल, खजूर किंवा केळे पोटात टिकते का, याची परीक्षा रमतगमत केलेल्या रविवारच्या धावण्यात होत नाही.

दुसरा लाभ शरीरक्रियेचा. ज्या वेगाच्या पुढे रक्तात लॅक्टेट झपाट्याने साचू लागते, त्या उंबरठ्याच्या वेगाने माणूस साधारण तासभर धावू शकतो. हा उंबरठा जितका वर, तितका मॅरेथॉनचा वेग सुसह्य. सरावात एकट्याने तासभर या तीव्रतेने धावणे मनाला फार जड जाते. अंगावर बिब, पुढे-मागे माणसे आणि रस्त्याच्या कडेला टाळ्या असल्या की तेच काम होऊन जाते.

छोट्या अंतरातला वेग लांब पल्ल्याला कसा उपयोगी पडतो याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. ‘सावरपाडा एक्सप्रेस’ म्हणून ओळखली जाणारी नाशिक जिल्ह्यातली कविता राऊत ही मुळात १० हजार मीटरची धावपटू. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत तिने या अंतरात कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझू आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवले. पुढे २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिने मॅरेथॉन २ तास ३८ मिनिटे ३८ सेकंदांत जिंकली आणि रिओ ऑलिंपिकची पात्रता मिळवली. वेगाचा पाया आधी रचलेला होता, त्यावर अंतर चढवले गेले.

मोंझाची रंगीत तालीम

तयारीची शर्यत कशी वापरावी याचा वस्तुपाठ २०१७ मध्ये इटलीत घडला. मॅरेथॉन दोन तासांच्या आत धावता येते का, हे पाहण्यासाठी तीन धावपटू निवडले होते: केनियाचा एलियुड किपचोगे, इरिट्रियाचा झेरसेनाय तादेसे आणि इथिओपियाचा लेलिसा देसिसा. मूळ प्रयत्न मे महिन्यात मोंझाच्या मोटार शर्यतीच्या ट्रॅकवर व्हायचा होता. त्याच्या दोन महिने आधी, मार्चमध्ये, त्याच ट्रॅकवर तिघांना हाफ मॅरेथॉन धावायला लावले. नाटकाच्या रंगीत तालमीत जसे पोशाख, प्रकाश, संगीत सगळे खरे असते, तसे इथे वेगाचे साथीदार, त्यांची रचना, पेये देण्याची पद्धत, बूट, सगळे खरे होते.

किपचोगेने ते अंतर ५९ मिनिटे १७ सेकंदांत, तादेसेने ५९ मिनिटे ४१ सेकंदांत पूर्ण केले, तर देसिसा एक तासाच्या बराच बाहेर राहिला. ६ मे २०१७ च्या मुख्य प्रयत्नात क्रम अगदी तोच होता. किपचोगे २:००:२५, तादेसे २:०६:५१ आणि देसिसा २:१४:१०. तालमीने कोण किती तयार आहे हे दोन महिने आधीच सांगून टाकले होते. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की मोंझात त्या मार्चमध्ये कुणाला पदक मिळवायचे नव्हते. तिथून फक्त माहिती हवी होती, आणि ती वापरायला पुढे पुरेसे आठवडे शिल्लक ठेवले होते.

किलोमीटर सोडा, मिनिटे मोजा

इथे हौशी धावपटूंची एक गफलत होते. अव्वल खेळाडू मॅरेथॉनपूर्वी हाफ धावतात, म्हणून आपणही हाफच धावावी असे वाटते. पण किपचोगेची हाफ तासाभरात संपते. ट्रॉम्बेतल्या बँकेत काम करणाऱ्या पंचेचाळिशीच्या बाईंना तेच अंतर सव्वादोन तास लागते. कागदावर शर्यत एकच, शरीरावरचा भार मात्र दुपटीहून जास्त. सव्वादोन तास जीव तोडून धावणे हे मॅरेथॉनच्या जवळपास अर्ध्या श्रमाइतके आहे, आणि त्याची झीजही तशीच.

म्हणून तयारीच्या शर्यतीचे अंतर ठरवताना ते आपल्याला किती वेळ लागते हे पाहावे. उंबरठ्याच्या वेगाचा तासभराचा व्यायाम हवा असेल, तर ज्याला १० किलोमीटरला ५५ ते ६५ मिनिटे लागतात त्याच्यासाठी १० किलोमीटरची शर्यत अगदी मापाची. ज्याची हाफ दोन तासांच्या आत होते, त्याने एखादी हाफ पूर्ण जोराने धावायला हरकत नाही. ज्याला अडीच तास लागतात, त्याने हाफ धावावी, पण मॅरेथॉनच्या नियोजित वेगाने.

प्रशिक्षकांच्या पुस्तकांत मतभेद दिसतात त्याचे मूळही इथेच आहे. हल हिगडन यांच्या नवशिक्यांसाठीच्या १८ आठवड्यांच्या तक्त्यात साधारण मध्यावर एक हाफ मॅरेथॉन येते. तिथे अंतराचा आणि शर्यतीच्या वातावरणाचा अनुभव मिळावा हा हेतू. पीट फिट्झिंगर आणि स्कॉट डग्लस यांचे तक्ते अनुभवी, वेगवान धावपटूंसाठी आहेत. त्यांत शेवटच्या टप्प्यात ८ ते १५ किलोमीटरच्या जोरदार शर्यती येतात. त्यांच्या वाचकाला एवढ्या अंतराला अर्धा ते एक तास लागतो आणि तो लवकर सावरतो. दोन्ही सल्ले आपापल्या वाचकासाठी योग्य. आपण कोणत्या गटात बसतो हे प्रामाणिकपणे ओळखले की गोंधळ मिटतो.

फॉस्टरचा नियम आणि डिसेंबरचे रविवार

शर्यतीनंतर सावरायला किती दिवस द्यावेत? न्यूझीलंडचा जॅक फॉस्टर याच्या नावाने एक सोपा नियम सांगितला जातो: जितके मैल शर्यत, तितके दिवस जोरदार सराव बंद. हाच फॉस्टर १९७४ च्या ख्राइस्टचर्च राष्ट्रकुल स्पर्धेत वयाच्या ४१ व्या वर्षी २:११:१९ अशा वेळेत मॅरेथॉनचे रौप्यपदक जिंकला होता, त्यामुळे चाळिशी ओलांडलेल्यांनी तरी त्याचे ऐकायला हवे. १० किलोमीटर म्हणजे सहा मैल, सहा दिवस. हाफ म्हणजे तेरा मैल, तेरा दिवस. या दिवसांत धावायचे, पण गप्पा मारता येतील इतक्या हळू.

दुसरी ठाम गोष्ट अशी की ३० ते ३२ किलोमीटरचा शेवटचा लांब पल्ला मॅरेथॉनच्या तीन आठवडे आधी व्हावा आणि त्यानंतर टेपर, म्हणजे सरावाचे प्रमाण टप्प्याटप्प्याने उतरवणे, सुरू व्हावे. हे दोन नियम कॅलेंडरवर एकत्र मांडले की उत्तर आपोआप मिळते.

२०२६ ची मुंबई मॅरेथॉन १८ जानेवारीची होती. तेच कॅलेंडर समोर घेऊ. शेवटचा लांब पल्ला २८ डिसेंबरला. आता हाफ ७ डिसेंबरला पूर्ण जोराने धावली, तर तेरा दिवस २० तारखेला संपतात. २१ आणि २८ असे दोन रविवार लांब पल्ल्यांसाठी मोकळे मिळतात. हाफ १४ डिसेंबरला धावली, तर २७ ला सावरणे पूर्ण होते आणि २८ चा पल्ला जेमतेम साधतो, मध्ये एखादा सर्दी-ताप आला तर गणित कोलमडते. हाफ २१ डिसेंबरला धावली, तर ३ जानेवारी उजाडते आणि लांब पल्ल्याची वेळ निघून गेलेली असते.

मॅरेथॉनच्या सहा आठवडे आधीची हाफ सोयीची, पाच आठवडे ही शेवटची मर्यादा, आणि चार आठवड्यांवर आली की ती फक्त मॅरेथॉनच्या वेगाने धावायची. दहा किलोमीटरला थोडी अधिक मोकळीक आहे, पण शेवटच्या दोन आठवड्यांत सर्वसाधारण धावपटूने कोणत्याही शर्यतीत जोर लावू नये. त्या दिवसांत मिळणारा व्यायामाचा फायदा मॅरेथॉनपर्यंत अंगी लागत नाही, थकवा मात्र नक्की लागतो.

वेळेचे गणित आणि हवेचा हिशेब

तयारीच्या शर्यतीतून मॅरेथॉनच्या वेळेचा अंदाज काढता येतो. पीट रिगेल या अमेरिकी अभियंत्याने १९७७ मध्ये मांडलेले सूत्र आजही वापरात आहे: अंतर दुप्पट झाले की वेळ दुपटीहून थोडी जास्त, सुमारे २.०८५ पट होते. हाफ २ तासांत झाली, तर पूर्ण मॅरेथॉन ४ तास १० मिनिटे, म्हणजे किलोमीटरला ५ मिनिटे ५५ सेकंद. १० किलोमीटर ६० मिनिटांत झाले, तर हाफ २ तास १२ मिनिटे आणि मॅरेथॉन ४ तास ३६ मिनिटे.

मात्र हे सूत्र दोन्ही अंतरांचा सराव सारखाच झाला आहे असे गृहीत धरते. आठवड्याला तीस-चाळीस किलोमीटरच धावणाऱ्याने या आकड्यात दहा ते वीस मिनिटे मिळवावीत आणि त्या वेगाने सुरुवात करावी. ४:३६ चा अंदाज असेल तर ४:५० धरून किलोमीटरला ६ मिनिटे ५२ सेकंदांनी निघावे. शेवटचे दहा किलोमीटर चांगले गेले तर वेळ कमी होईलच.

मुंबईत आणखी एक हिशेब करावा लागतो, तो हवेचा. घाम वाळला तरच अंग गार होते, आणि हवा दमट असली की तो वाळत नाही, नुसता ओघळतो. मग त्वचेकडे जास्त रक्त पाठवावे लागते, हृदयाचे ठोके वाढतात आणि तोच वेग अधिक कष्टाचा होतो. ऑगस्टच्या पावसाळी दमटपणात किंवा ऑक्टोबरच्या उकाड्यात धावलेल्या शर्यतीची वेळ पाहून कुणी हिरमुसू नये. जानेवारीच्या पहाटे पारा बऱ्याचदा वीस अंशांच्या खाली असतो, आणि तीच तयारी वेगळी वेळ देते. म्हणून वेळेच्या अंदाजासाठी नोव्हेंबर-डिसेंबरची शर्यत धरावी. त्याआधीच्या शर्यती ताकदीसाठी आणि अनुभवासाठी.

कोणती शर्यत कशासाठी

सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून होते. शहरातून निघून यवतेश्वरचा घाट चढायचा आणि त्याच वाटेने उतरायचे. २०१५ मध्ये डोंगरी शर्यतीतल्या सहभागासाठी तिची गिनीजमध्ये नोंद झाली. ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास येत असल्यामुळे ती जानेवारीच्या सरावाच्या उंबरठ्यावर पडते. तिच्या वेळेवरून मॅरेथॉनचा अंदाज काढू नये, पण मांड्या आणि पोटऱ्या मजबूत करायला ती उत्तम. सावधगिरी उताराला बाळगायची, कारण उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार झेलतात आणि त्यांत सूक्ष्म इजा होतात. जिना उतरताना दोन-तीन दिवस कळ येते ती यामुळेच. ट्रॉम्बेच्या सपाट रस्त्यांवर धावणाऱ्यांना असा चढ-उतार एरवी मिळतच नाही, आणि मुंबई मॅरेथॉनमध्ये परतीच्या वाटेवर, पाय थकलेले असताना येणारा पेडर रोडचा चढ वर्षानुवर्षे अनेकांचा घाम काढत आला आहे.

नोव्हेंबरच्या सुमारास मुंबईत होणारी नौदलाची शर्यत किंवा जवळपासची कोणतीही नीट मोजलेली, चिपने वेळ घेणारी १० किलोमीटरची शर्यत ही पहिल्या खऱ्या चाचणीसाठी योग्य. मॅरेथॉनला नऊ-दहा आठवडे असतात, त्यामुळे जे कळेल त्यावर काम करायला वेळ असतो.

वसई-विरार महापौर मॅरेथॉन २०११ पासून होते आणि डिसेंबरच्या पूर्वार्धात येते, म्हणजे नेमकी पाच-सहा आठवड्यांच्या खिडकीत. साताऱ्याच्या तुलनेत रस्ता सपाट, हाफ आणि पूर्ण दोन्ही अंतरे. ट्रॉम्बेकरांसाठी अडचण प्रवासाची. मानखुर्दहून विरारला जायचे तर कुर्ला आणि दादर अशा दोन ठिकाणी गाडी बदलावी लागते, आणि शर्यत पहाटेची. आदल्या रात्री तिकडच्या नातेवाइकांकडे मुक्काम करणे सर्वांत बरे. रात्रभर जागून केलेला प्रवास शर्यतीतून मिळणारी माहितीच बिघडवतो. १९८३ मध्ये सुरू झालेली पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉनही परंपरेने डिसेंबरच्या सुरुवातीची. तिथली कोरडी, गार हवा वेगाला पोषक, पण तोच वेग मुंबईत धरायची घाई करू नये. दोन्हींपैकी एकच निवडावी, आणि दोन्हींतले पूर्ण अंतर जानेवारीची मॅरेथॉन धावणाऱ्याने टाळावे. तारखा दरवर्षी थोड्या पुढेमागे होतात, त्या नोंदणीपूर्वी तपासून घ्याव्यात.

प्रवासाची तालीमही तयारीचाच भाग आहे. मुंबई मॅरेथॉनच्या पहाटे गेल्या काही वर्षांत मध्य रेल्वेने कल्याण आणि पनवेलहून सीएसएमटीसाठी विशेष लोकल सोडल्या आहेत. पनवेलची गाडी हार्बर मार्गाने मानखुर्दवरूनच जाते. पूर्ण मॅरेथॉन सीएसएमटीहून निघते, हाफ माहीमच्या रेतीबंदरावरून. आपल्याला कुठे पोहोचायचे आहे, त्यासाठी किती वाजता उठायचे आणि उठल्यावर किती वेळाने खायचे, हे वेळापत्रक डिसेंबरच्या शर्यतीत जसेच्या तसे वापरून पाहावे.

एका शर्यतीला एक प्रश्न

अठरा आठवड्यांत अशा दोन शर्यती पुरतात, तीन म्हणजे पुष्कळ. प्रत्येकीपुढे निघण्याआधी एकच प्रश्न ठेवावा. नोव्हेंबरच्या दहा किलोमीटरला विचारायचे, ‘माझा आजचा वेग किती?’ तिथे पूर्ण जोर लावायचा. डिसेंबरच्या हाफला विचारायचे, ‘ठरवलेला मॅरेथॉनचा वेग मला झेपतो का?’ दोन तासांच्या आतल्या धावपटूंनी ती जोराने धावून सूत्रातून उत्तर काढावे. बाकीच्यांनी ती मॅरेथॉनच्या वेगाने धावावी. पंधराव्या किलोमीटरला बोलता येत असेल, श्वास आटोक्यात असेल, तर वेग बरोबर आहे. तिथेच दम तुटत असेल तर उद्दिष्ट बदलायला अजून पाच आठवडे हातात आहेत. तिसरा मार्ग असा की शर्यतीआधी चार-पाच किलोमीटर आणि नंतर तीन-चार किलोमीटर सावकाश धावून त्या दिवसाचा ३० किलोमीटरचा लांब पल्ला पुरा करायचा. यात पाणी, वैद्यकीय मदत आणि सोबत फुकट मिळते, पण बाजूने कुणीही पुढे गेले तरी वेग वाढवायचा नाही, एवढे मनावर बंधन हवे.

शर्यतीच्या आठवड्यात एकूण अंतर पाव हिश्शाने कमी करावे, आधीचे दोन-तीन दिवस हलके ठेवावेत आणि नवीन बूट, नवीन जेल, नवीन नाश्ता यांतले काहीही पहिल्यांदा त्या दिवशी वापरू नये. शर्यत संपली की त्याच दिवशी वहीत लिहून ठेवावे: दर पाच किलोमीटरची वेळ, काय खाल्ले, किती पाणी घेतले, कुठे दुखले, हवा कशी होती. पदक घरी भिंतीवर लागते, पण जानेवारीत उपयोगी पडतात ती ही पाने.

दुखत असेल तर शर्यत सोडावी, भरलेले शुल्क पायांपेक्षा महाग नाही. आणि डिसेंबरात मनासारखी वेळ आली नाही म्हणून पुढच्याच रविवारी दुसरी शर्यत शोधू नये. अपेक्षेपेक्षा कमी वेग निघाला तर तेही एक उत्तरच आहे, आणि ते चौतिसाव्या किलोमीटरला कळण्यापेक्षा पाच आठवडे आधी कळलेले फार बरे.

पुढच्या जानेवारीसाठी नाव नोंदवले असेल, तर आज कॅलेंडर घेऊन उलटे मोजा. मॅरेथॉनचा रविवार, त्याच्या तीन आठवडे आधीचा लांब पल्ला, त्याच्याही दोन-तीन आठवडे आधी एक हाफ, नऊ-दहा आठवड्यांवर एक दहा किलोमीटर. या चार खुणा आधी करा. उरलेले रविवार सावकाश, लांब धावण्याचे आहेत, आणि मॅरेथॉन खऱ्या अर्थाने तयार होते ती त्या रविवारी.